शून्य साखरेच्या बाटलीत काय असतं?



वैशाखाचं ऊन तापलं की आपल्या पारशिवनी तालुक्यातल्या दुकानांत थंड बाटल्यांचा खप वाढतो. त्यांत आता ‘डाएट’ किंवा ‘झिरो शुगर’ लिहिलेल्या बाटल्याही दिसतात. शुगरचा त्रास असलेली माणसं त्या विश्वासाने घेतात, आणि ‘यात साखर नाही’ म्हणून मुलांच्या हातीही देतात. म्हणून आज या बाटलीविषयी बोलायचं आहे.

साध्या कोलाच्या ३०० मिलिलिटरमध्ये साधारण ३२ ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. डाएट पेयात ही साखर नसते. गोडीसाठी अ‍ॅस्पार्टेम, अ‍ॅसेसल्फेम पोटॅशियम किंवा सुक्रालोज वापरतात. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे दोनशे पट गोड, सुक्रालोज सुमारे सहाशे पट. त्यामुळे चिमूटभरात काम होतं. कारखान्यात शुद्ध केलेल्या पाण्यात हे गोडक, आम्ल, रंग आणि स्वाद मिसळतात. मग पेय थंड करून दाबाखाली कार्बन डायऑक्साइड विरघळवतात, कारण गार पाण्यात तो जास्त मुरतो.

आता पोषणाचं पाहू. साखर गेली, त्यामुळे उष्मांक जवळजवळ शून्य झाले. पण प्रथिनं, जीवनसत्त्वं, तंतू यांतलं काही आलं नाही. आम्ल मात्र राहिलं. कोलातलं फॉस्फरिक आम्ल किंवा लिंबाच्या चवीच्या पेयातलं सायट्रिक आम्ल दातांवरचं कवच झिजवतं, साखर असो वा नसो. कोलात कॅफिनही असतं.

कर्करोगाची भीती अनेकांना वाटते. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवलं. पुरावा मर्यादित आहे, असंही सांगितलं. त्याच वेळी अन्नातील मिश्रकांच्या तज्ज्ञ समितीने अ‍ॅस्पार्टेमची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम, पूर्वीइतकीच ठेवली. डाएट पेयाच्या एका डब्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम धरलं, तर सत्तर किलोच्या माणसाची मर्यादा नऊ ते चौदा डब्यांवर येते. पंधरा किलोच्या मुलाची मात्र दोन-तीन डब्यांतच संपते. मुलांबाबत जपून राहायचं ते यासाठी. ज्यांना जन्मतःच फिनाइलकीटोन्यूरिया हा आजार आहे, त्यांनी अ‍ॅस्पार्टेम टाळायलाच हवं.

मे २०२३ मध्ये याच संघटनेने सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडकांवर भिस्त ठेवू नये. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना ही शिफारस लागू केलेली नाही. रोज साखरेचं कोल्ड्रिंक पिणाऱ्या मधुमेह्याला ते सोडताना डाएट पेयाची मदत होऊ शकते. पण ती सवय सोडण्याची पायरी समजा, कायमचा मुक्काम नव्हे.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची. उष्णतेने आणि दिवस गेल्याने अ‍ॅस्पार्टेमचं विघटन होतं, गोडी उतरते. आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. म्हणून दुकानाबाहेर उन्हात पडलेल्या खोक्यातली बाटली घेऊ नका, तारीखही पाहा.

तहान भागवायला पाणीच उत्तम.  घाम जास्त गेला तर ताक घ्या, मीठ घातलेलं बिनसाखरेचं लिंबूपाणी घ्या. रक्तदाब असेल तर मीठ बेतानं. पन्हं गुळाचं असतं, तेव्हा मधुमेह्यांनी तेही जपून घ्यावं.

शेवटी एक विनंती. बाटली घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. त्यांत गोडकांचे आकडे असतात: ९५१ म्हणजे अ‍ॅस्पार्टेम, ९५० अ‍ॅसेसल्फेम पोटॅशियम, ९५५ सुक्रालोज. घरातल्या शाळकरी मुलांकडूनच हे आकडे वाचून घ्या. आपण काय पितो हे ओळखायची सवय त्यांना लहानपणीच लागेल.