व्यवस्थापनशास्त्र कोणासाठी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



व्यवस्थापनशास्त्राचे नाव निघाले की आपल्या कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडते. हे भांडवलदारांचे शास्त्र, आपला त्याच्याशी काय संबंध, असा सूर असतो. मला तो मान्य नाही. विद्यापीठात हा विषय घ्यावा का, असे घरातील मुलाने वा मुलीने विचारले असता तुच्छतेने विषय झटकणे हा वैचारिक आळस आहे.

या शास्त्राची जन्मकथा आपण विसरलो. १९३० च्या दशकाच्या अखेरीस लेनिनग्राड विद्यापीठातील गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांच्यापुढे प्लायवूड उद्योगातील प्रश्न आला : कोणते लाकूड कोणत्या यंत्राला दिले असता उत्पादन सर्वाधिक होईल? त्या उत्तरातून लिनिअर प्रोग्रॅमिंग निघाले. दुसऱ्या महायुद्धात पॅट्रिक ब्लॅकेट या समाजवादी विचारांच्या ब्रिटिश पदार्थवैज्ञानिकाच्या गटाने हिशेबाने दाखविले की, मालवाहू जहाजांचे तांडे मोठे ठेवल्यास पाणबुड्यांमुळे होणारी हानी प्रमाणाने घटते. दोन्ही ठिकाणी नफ्याचा प्रश्नच नव्हता.

हेच गणित आपल्या साखरपट्ट्यात आणून पाहा. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितका साखरेचा उतारा घटतो. तरीही ऐन हंगामात कारखान्यासमोर गाड्यांच्या रांगा लागतात. ऊसतोडणी करणाऱ्या जोडप्याला मजुरी टनावर मिळते. रांगेत काढलेल्या रात्रीचे कोणी काही देत नाही. टोळी आधी कोणाच्या फडात जायची, हे लागणीच्या नोंदीवरून ठरावे अशी अपेक्षा; पण संचालकांशी ज्याची ओळख त्याचा ऊस आधी तुटतो, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. रांगांचे गणित आणि वेळापत्रकाचे तंत्र हे तर या अभ्यासक्रमातील नेहमीचे विषय. तोडणीचा कार्यक्रम असा आखून फलकावर लावला, तर उतारा वाढेल आणि काहींची सत्ताही कमी होईल. अडचण बहुधा दुसरीच आहे!

आता नोकरीविषयी. नोकऱ्या आहेत : बँकांत, सल्लागार कंपन्यांत, घरपोच माल पोचविणाऱ्या कंपन्यांत. डिलिव्हरी करणाऱ्या पोराच्या फेऱ्या व मिनिटे याच शास्त्राने मोजली जातात, हेही विद्यार्थ्याला सांगावे. मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये जमनालाल बजाज संस्था काढली ती सार्वजनिक विद्यापीठाचा भाग म्हणून. आज काही आय.आय.एम.मध्ये दोन वर्षांची फी वीस लाख रुपयांच्या पुढे गेली आहे. एवढे कर्ज डोक्यावर असलेला तरुण सहकारी दूध संघात वा जिल्हा रुग्णालयात जाईल कसा? त्याची नोकरी कर्जाचा हप्ता ठरवितो. सहकारासाठी माणसे घडावीत म्हणून वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये आणंदला ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था उभारली. तसे शिक्षण अल्प खर्चात सरकारी विद्यापीठांतून मिळावे आणि सहकारी संस्थांनी शिष्यवृत्ती देऊन पदे राखून ठेवावीत, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर एक गोष्ट आपल्या हाती आहे. या अभ्यासक्रमात बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात दोनेक महिन्यांचा प्रकल्प असतो. विद्यार्थी तो कंपन्यांत करतात, कारण बोलावणे तेथूनच येते. आपल्या कामगार संघटनांनी त्यांना बोलवावे. वेतनकराराच्या आधी कंपनीचा ताळेबंद वाचून देणे, एस.टी.च्या चालक-वाहकांच्या ड्युट्यांचे वेळापत्रक तपासणे, ऊसगाड्यांच्या खोळंब्याचे तास मोजणे, एवढे काम पहिल्या उन्हाळ्याला पुरेसे आहे.