अंगावरचा कॅमेरा

चिखलीला माझ्या भाच्याचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. २०१७ साली त्यानं तीसेक हजारांचा एक इवलासा कॅमेरा हप्त्यावर घेतला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. "मामू, हा हातात धरायचा नाही, अंगावर बांधायचा," तो म्हणाला. दोन हंगाम त्यानं गावोगावच्या वराती नवरदेवाच्या घोड्याच्या नजरेनं दाखवल्या. मग लोकांचं अप्रूप ओसरलं. वऱ्हाड्यांचे मोबाइलच न हलणारं चित्र घेऊ लागले. शेवटचा हप्ता फिटला तेव्हा कॅमेरा कपाटात पडून होता.

हे एकट्या चिखलीत घडलं नाही. अमेरिकेतल्या निक वुडमन या तरुणाला समुद्राच्या लाटांवर स्वार होण्याचा नाद. लाटेवर असताना स्वतःचा फोटो कसा घ्यायचा, या अडचणीतून त्यानं २००२ मध्ये कंपनी काढली. २००४ साली आलेला त्याचा पहिला गोप्रो मनगटावर बांधायचा होता, आणि त्यात चक्क फिल्मचा रोल होता! पुढं कॅमेरा डिजिटल झाला आणि जगभर गाजला. जून २०१४ मध्ये कंपनीचा शेअर २४ डॉलरनं बाजारात आला, काही महिन्यांत ऐंशीच्या वर गेला. २०२५ साली तोच एका डॉलरच्या खाली घसरलेला जगानं पाहिला.

कारण साधं आहे. डोंगरावरून उडी मारणारी माणसं जगात असून असून किती? आणि ज्यानं एक कॅमेरा घेतला, त्याला दुसरा कशाला हवा? तेवढ्यात मोबाइल पाण्यात भिजूनही टिकू लागले. मागून चीनच्या कंपन्या आल्या. शेन्झेनची डीजेआय २०१९ मध्ये या धंद्यात उतरली. तिथल्याच इन्स्टा३६० नं चारी दिशा एकदम टिपणारे आणि अंगठ्याएवढे कॅमेरे काढले. आता लोणारच्या वाटेवर हेल्मेटला कॅमेरा लावलेले मोटारसायकलवाले दिसतात. त्यांना उडी मारायची नसते, प्रवास दाखवायचा असतो.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा बदल. हौसेची ही वस्तू आता साक्षीला उभी राहू लागली आहे. २०२३ साली मध्य रेल्वेच्या मुंबई विभागानं तिकीट तपासनिसांच्या अंगावर कॅमेरे दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायला सांगितलं आहे. म्हणजे उद्याचं मोठं गिऱ्हाईक सरकारच. कॅमेऱ्यासमोर माणूस जरा जपून बोलतो, वर्दीतलाही आणि बिनवर्दीचाही. हे चांगलंच आहे. तरी एक गोष्ट विसरू नये. अंगावरच्या कॅमेऱ्यात समोरच्याचा चेहरा येतो, बांधणाऱ्याचा येत नाही. आणि बटण बांधणाऱ्याच्याच हाती असतं. चित्रण कधी सुरू होतं, किती दिवस जपलं जातं, समोरच्यानं मागितलं तर त्याला मिळतं का, हे कॅमेऱ्याच्या किमतीइतकंच विचारायला हवं.

बांधणाऱ्याचा चेहरा येत नाही, हे मला आपाच्या जाण्यानं कळलं. आपा म्हणजे माझी थोरली बहीण, याच भाच्याची आई. एका दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू होती. भाच्यानं गंमत म्हणून कॅमेरा तिच्या छातीशी बांधला. "काय रे हे लोढणं!" म्हणत ती कामाला लागली. गेल्या वर्षी आपा गेली. चाळिसावा झाल्यावर भाच्यानं ते चित्रण काढलं. आम्ही दोघं बघत बसलो.

पाऊण तासाचं चित्रण. तिचे दोन हात, बोटांना बोंडांचे ओरखडे, कमरेच्या ओटीत पडणारा कापूस. ती वाकली की श्वास ऐकू येतो. मधेच शेजारच्या तासातल्या बाईला मजुरीचा भाव विचारते, हसते. एकदा मातीवर तिची सावली पडते. चेहरा कुठंच नाही.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामू, शेकडो नवऱ्या मी समोर बसवून शूट केल्या. अम्मीला एकदाही समोर बसवलं नाही."

मला उत्तर सुचलं नाही. मोडीत घालायला काढलेला तो कॅमेरा त्यानं परत कपाटात ठेवला.

श्रोतेहो, बाजार बदलतच राहील. आजचा महागडा कॅमेरा चार वर्षांनी कुणी फुकट घेणार नाही. तुमच्याकडं असा एखादा असेल, मोबाइल तर असेलच, तर या रविवारी तो अंगावरून काढा. ओट्यावर ठेवा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला समोर बसवा आणि बोलू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)