स्वतःची ओळख हेच आत्मविश्वासाचे मूळ

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त विद्यार्थ्यांना चार शब्द सांगावेत, अशी विश्वस्तांनी आम्हांस आज्ञा केली. आमचा पेशा मास्तरकीचा. तेव्हा वर्गात रोज नजरेस पडणारा विषयच घेतो. तो म्हणजे आत्मविश्वास.

"आत्मविश्वास बाळगा" हा उपदेश आपण सारे फार सहज करतो. पण ज्याच्या गाठीला काय आहे हे त्याचे त्यालाच ठाऊक नाही, त्याला "खुशाल खर्च कर" म्हणून सांगण्यासारखेच ते आहे. आधी गाठ सोडावी, पैसे मोजावेत, मग बाजाराला निघावे. आपल्यापाशी काय आहे आणि काय नाही, याचा खरा हिशेब ज्याने केला, त्याचाच आत्मविश्वास टिकतो. बाकीचा नुसता आवेश होय.

आपल्या जोयडा तालुक्यातील एखादा मुलगा डोळ्यांपुढे आणा. घरी तो कोकणी बोलतो, मराठी समजतो, शाळेत कन्नड शिकतो. आम्हां मुसलमानांच्या घरी उर्दूही कानांवर पडते. रानातली वाट, पावसाची चिन्हे, गुरांचा स्वभाव त्याला ठाऊक असतो. हाच मुलगा दहावीनंतर दांडेलीस, कारवारास किंवा बेळगावास गेला की मान खाली घालतो. कोणी गाव विचारले तर आपल्या गावाऐवजी जवळच्या मोठ्या गावाचे नाव सांगतो. कन्नड बोलताना एखादा कोकणी शब्द आला आणि कोणी हसले, की दुसऱ्या दिवसापासून वर्गात तोंड उघडत नाही. काही मुले दिवाळीच्या सुट्टीत घरी येतात, ती परत जातच नाहीत. त्यांची बुद्धी कमी पडत नाही. पैसाही दर वेळी कमी पडत नाही. तीन-चार भाषांत वावरणे हे उणेपण नव्हे, ती कमाई आहे, हे त्यांना कोणी दाखवून दिलेले नसते, एवढेच.

मग मुलांची तोंडभर स्तुती केली म्हणजे काम भागेल काय? तसेही नाही. याचा दाखला आपल्या जिल्ह्यातच आहे. सिद्दी बांधव हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला व आपल्या जोयडा तालुक्यांत राहतात. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. तेव्हा ही मुले उपजतच धावपटू असणार, अशा समजुतीने 1987 साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या योजनेत सिद्दी मुलामुलींना घेण्यात आले. मुलांनी कष्ट केले, राष्ट्रीय स्पर्धांत पदके मिळविली. पुढे 1993 साली ते काम बंद पडले. काहींना खेळाच्या बळावर नोकऱ्या लागल्या. कित्येकांना पुन्हा शेती-मजुरीकडे वळावे लागले. यात मुलांचा दोष तो कोणता? "तुझे पाय चपळ आहेत" एवढीच ओळख बाहेरच्यांनी त्यांच्या हाती दिली होती. योजना गेली, तशी तीही गेली. दुसऱ्याने दिलेली ओळख उसनी असते, आणि उसने कधी परत मागितले जाईल याचा नेम नसतो.

पण तो समाज तेथेच थांबला नाही. आपण कोण, आपल्या अडचणी कोणत्या, हे त्यांच्यातील शिकलेल्या माणसांनी स्वतः मांडले. 2003 साली उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. 2020 साली श्री. शांताराम सिद्दी यांची कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्ती झाली. राज्याच्या विधिमंडळात बसणारे त्या समाजातील ते पहिलेच गृहस्थ.

दुसरा दाखला कुणबी बांधवांचा. कणगा, सुरण, मुडली असे कंद लावण्याची विद्या त्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. "ही गरिबाची खाणी" म्हणून पाहुण्यापुढे ठेवण्यास कित्येकांस संकोच वाटे. आता जोयड्यात कंदमुळांचा मेळा भरतो. बायका आपापले कंद मांडून बसतात आणि लांबून आलेली माणसे लागवड कशी, राखण कशी, रांधायचे कसे, हे त्यांना विचारतात. कंद तेच, माती तीच. आपल्यापाशी विद्या आहे हे उमगले, इतकाच फरक.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही असाच आपला हिशेब मांडा. एक वही घ्या. डाव्या पानावर आपल्याला काय येते ते लिहा, उजव्या पानावर काय येत नाही ते लिहा. मात्र "मी हुशार आहे" असे लिहू नका. "तीन भाषांत पत्र लिहिता येते" असे लिहा. "मी भित्रा आहे" असेही लिहू नका. "अनोळखी माणसाशी कन्नडमध्ये बोलताना घाबरतो" असे लिहा. पहिल्या वाक्यावर इलाज नाही, दुसऱ्यावर आहे. रोज एका अनोळखी माणसाशी दोन वाक्ये बोला. पानावर तारीख घाला आणि तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडा. उजवीकडची एखादी ओळ डावीकडे आलेली दिसेल. तिने जो धीर येईल, तो कोणाच्या शाबासकीने यावयाचा नाही.

हे काम दिसते तितके सोपे नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे मुसलमान कुळातील थोर मराठी संत. त्यांच्या ग्रंथाचे नाव 'योगसंग्राम'. हा संग्राम कोणा परक्याशी नव्हे, आपल्याच मनातील विकारांशी. स्वतःकडे नीट पाहण्यास धैर्य लागते, हे त्या नावातच आले.

शेवटी विश्वस्त मंडळींना एक नम्र विनंती. शिष्यवृत्ती देताना आपण मुलाला "गरीब व होतकरू" म्हणून व्यासपीठावर उभे करतो. आईबापांची हलाखी सर्वांसमक्ष वाचून दाखवितो. हेतू चांगलाच असतो. पण दिलेले पैसे वर्षभरात संपतात, ते शब्द मात्र जन्मभर कानांत राहतात. हलाखीचा तपशील अर्जात असतोच. तो कार्यालयाच्या कपाटातच राहू द्यावा. व्यासपीठावर मुलाचे नाव, त्याचे गाव आणि त्याला उत्तम काय येते, एवढेच वाचावे. गावाचे नाव जरा मोठ्याने वाचावे. ते नाव सांगताना पुढे कारवारात त्याची मान खाली जाणार नाही.