पूजनाकडून अध्ययनाकडे

(विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)



वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. बैलांना धुऊन स्वच्छ केले जाते, त्यांच्या खांद्यांना हळद आणि तूप लावून ते शेकले जातात. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहतात आणि झडत्या रंगतात. या प्रथेचा आपण धार्मिक अंगाने पुष्कळ विचार करतो, परंतु तिच्या मुळाशी एक अचूक निरीक्षण आहे. वर्षभर जोखड वाहणाऱ्या बैलाचा खांदा घासला जातो, सुजतो, कधी तेथे गाठ धरते. खांदेसूज हा आजही पशुवैद्यकाच्या शल्यचिकित्सेतील अभ्यासाचा विषय आहे. ज्यांनी खांदशेकणीची चाल पाडली, त्यांनी बैलाला ओवाळण्यापूर्वी त्याचा खांदा नीट तपासलेला होता. पूजन आणि निरीक्षण ही त्यांच्या दृष्टीने दोन वेगळी कामे नव्हती.

आज यांतील पूजन टिकले आहे, निरीक्षण मात्र मागे पडले आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले. या सन्मानाचा आनंद घरोघरी झाला. त्याच घरांमध्ये ‘नीट’ परीक्षेचा निकाल लागतो त्या दिवशी काय घडते, याचाही प्रामाणिक विचार झाला पाहिजे. प्रथम एमबीबीएस, ते न जमल्यास दंतवैद्यक, मग आयुर्वेद आणि काहीच हाती न लागल्यास पशुवैद्यक, अशी उतरती यादी तयार असते. मुलाने स्वतःहून पशुवैद्यक म्हटले तर ‘ढोरांचा डॉक्टर होतोस काय?’ असे विचारले जाते. जिला आपण माता म्हणतो तिची शुश्रूषा शिकणे कमीपणाचे वाटत असेल, तर आपल्या श्रद्धेतच काहीतरी उणे आहे.

या शिक्षणाचे स्वरूप पुष्कळ पालकांना माहीत नसते. पशुवैद्यक व पशुसंवर्धन या विषयाची पदवी एका वर्षाच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणासह साडेपाच वर्षांची आहे. शरीररचना, शरीरक्रिया, पोषण, प्रजनन, आनुवंशिकी, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, शल्यचिकित्सा हे सारे त्यात येते, आणि तेही एका प्राण्यापुरते नव्हे. गाय, घोडा, शेळी, कुत्रा, कोंबडी यांच्या देहाचे नियम वेगळे, औषधांच्या मात्रा वेगळ्या. शिवाय येथे रुग्ण स्वतः काही सांगू शकत नाही. दुसरा मार्ग कृषी पदवीतून जातो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र हा स्वतंत्र विभाग आहे.

या क्षेत्रातील संस्थांची परंपराही मोठी आहे. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे, नागपूरचे १९५८ चे, परभणीचे १९७२ चे. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले. पुढे २००० साली नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ अस्तित्वात आले. अकोल्यातील स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था त्याच विद्यापीठाची आहे. वऱ्हाडातील तरुणाला या विषयात संशोधन करण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही.

अभ्यासाने काय साधते, याचे उदाहरण आपल्या अंगणातच आहे. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णा वाहते. तिच्या खोऱ्यातील मोठा भाग खारपाणपट्ट्याचा. विहिरीला पाणी लागते, पण ते खारट. या पट्ट्यात भुरकट, फिक्या रंगाची एक म्हैस पिढ्यान्पिढ्या नांदत आहे. गवळ्याला ती ठाऊक होती, बाजारात तिला गिऱ्हाईक होते, परंतु शासकीय दृष्टीने ती केवळ ‘गावठी’ होती. गावठी म्हणजे जिचा वंश निश्चित नाही आणि म्हणून मुऱ्हासारख्या जातीशी संकर करून जिची सुधारणा करायची, अशी. जानेवारी २०२३ मध्ये करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने ‘पूर्णाथडी’ ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. त्या नोंदीमागे रंग, शिंगांची ठेवण, शरीराची मापे, दुधाचे प्रमाण, संख्या व प्रदेश यांची पद्धतशीर पाहणी असते. शतकानुशतके आपल्या दारात उभ्या असलेल्या म्हशीला स्वतःचे नाव मिळायला २०२३ उजाडले! मोजमाप झाले नसते, तर संकराच्या ओघात ती हळूहळू नाहीशी झाली असती आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

हे शास्त्र शेतकऱ्याच्या अनुभवाला पुढे नेते. कोवळी ज्वारी गुरांना घातक असते, हे वऱ्हाडातील कोणताही जुना शेतकरी सांगेल. त्या कोवळ्या पानांतून पोटात सायनाइडचे विष तयार होते, पाण्याचा ताण पडलेल्या पिकात त्याचा धोका वाढतो आणि वेळेत योग्य उतारा टोचला तर जनावर वाचू शकते, हे विज्ञानाने सांगितले. आज ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, कडबा दुर्मीळ झाला आणि गोठा कुटार व सरकीच्या ढेपेवर आला. अशा वेळी पोषणाचे गणित नव्याने मांडण्यासाठी अभ्यासकच हवा.

अज्ञानाची किंमत किती दूरवर मोजावी लागते, हे गिधाडांनी दाखवून दिले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि देशभर गिधाडे झपाट्याने घटली. कारण सिद्ध झाल्यावर २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, आणि मेलोक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय पुढे आला. गाईला औषध देणाऱ्याने गाईपुरता विचार करून भागत नाही. आकाशातील पक्ष्यापर्यंत त्याची जबाबदारी पोहोचते.

याउलट अभ्यासाच्या जोरावर मानवजातीने काय मिळवले, तेही पाहावे. ज्या बुळकांडीने गावेच्या गावे गुरांवाचून ओस पडत, ती २०११ साली जगातून हद्दपार झाली. देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग. लस आणि गावोगाव केलेली पाहणी यांचे हे यश आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग जळगाव जिल्ह्यातील रावेर भागात आढळला आणि बघता बघता वऱ्हाडात शिरला. अंगावर गाठी आलेली, पाय सुजलेली जनावरे गोठ्यागोठ्यात दिसू लागली. त्या दिवसांत नवस बोलणारे पुष्कळ होते. गोठ्यात उतरून लस टोचणारे हात मात्र अपुरे पडत होते.

या भूमीला दोन थोर पुरुषांचा वारसा आहे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाची गुरे राखण्यात गेले. पुढे त्यांनी देवापुढील पशुबळीला कडाडून विरोध केला, मूर्तिजापूरला गोरक्षणाचे काम उभे केले आणि हातात खराटा घेतला. त्यांची करुणा हाताने काम करणारी होती. अमरावती जिल्ह्यातीलच डॉ. पंजाबराव देशमुखांनी परदेशी जाऊन वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगम-विकासावर प्रबंध लिहिला, आणि १९५२ ते १९६२ या काळात देशाचे कृषिखाते सांभाळले. वेदांचा अभ्यासक शेतीकडे वळला, त्यात त्याला विसंगती वाटली नाही. अकोल्याचे विद्यापीठ त्यांचे नाव मिरवते.

म्हणून पालकांना विनंती एवढीच, की मुलाने किंवा मुलीने हा मार्ग स्वेच्छेने निवडला तर तिला मागे ओढू नये. मुलींना हे काम झेपणार नाही, हा समज तर साफ सोडून द्यावा. विद्यार्थ्यांनी हेही जाणून यावे, की येथे मध्यरात्री अडलेल्या गाईसाठी चिखलातून जावे लागते, शेण-रक्ताने हात माखतात आणि कधी सारे प्रयत्न करूनही जनावर जाते. आणि जे कार्यकर्ते गोशाळा चालवतात, त्यांनी प्रत्येक गाईची वही ठेवावी. तिची जात, वय, वेत, दूध, लसीकरण, आजार आणि मृत्यूचे कारण त्यात लिहावे. जवळच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना ती वही उघडून दाखवावी. दहा वर्षांच्या अशा नोंदींतून देशी वंशाविषयी जे कळेल, ते शंभर भाषणांतून कळणार नाही.