पऱ्हाटीपासून हायड्रोजन: स्वागताध्यक्षीय भाषण

सन्माननीय परिषदाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, संशोधक मित्रहो आणि कामे बाजूला ठेवून आलेल्या शेतकरी बंधुभगिनींनो, स्वागत समितीच्या वतीने कापसाच्या या वऱ्हाडात आपले मनःपूर्वक स्वागत. जैवभारापासून स्वच्छ हायड्रोजन मिळवण्याचा विचार आपण दोन दिवस करणार आहोत. तो इथे पऱ्हाटीपासून, म्हणजे वेचणीनंतर शेतात उरणाऱ्या कापसाच्या झाडांपासून, सुरू व्हावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

खत कारखान्यांना आणि तेलशुद्धीकरणाला लागणारा हायड्रोजन आज मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात. त्यात किलोमागे साधारण 9 ते 10 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाण्याच्या विघटनातून हायड्रोजन मिळवायचा, तर किलोला सुमारे 50 युनिट वीज लागते. वाळल्या काडीकचऱ्यात वजनाच्या जेमतेम 6 टक्के हायड्रोजन असतो. मात्र ऑक्सिजन आणि वाफ देऊन प्रखर उष्णतेत या कचऱ्याचा वायू केला, की वाफेतला हायड्रोजनही हाती येतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने याच मार्गाने एक किलो जैवभारापासून 100 ग्रॅम हायड्रोजन मिळवून दाखवला आहे.

काडीकचरा नेला तर जमिनीला काय उरणार, हा शेतकऱ्याचा सवाल रास्त आहे. म्हणूनच उसाचे पाचट शेतातच कुजू द्यावे. पऱ्हाटीचे तसे नाही. गुलाबी बोंडअळीची साखळी तुटावी म्हणून वेचणी संपताच ती उपटून शेताबाहेर काढा, असे कृषितज्ज्ञच सांगतात. आणि बाहेर काढलेली बरीचशी पऱ्हाटी पेटवून दिली जाते. ती प्रकल्पाला द्यावी आणि उरलेली राख तपासून शेताला परत मिळावी. दुसरा आक्षेप वाहतुकीचा. पऱ्हाटी फुगीर असते, लांब न्यायची तर डिझेलच जास्त जळेल. तेव्हा तिची कुट्टी गावाजवळ व्हावी आणि प्रकल्प तालुक्याच्या आवाक्यातले असावेत. वायूतले डांबर काढणे खर्चाचे आहे, हेही खरे. पण तो प्रश्न अभियांत्रिकीचा आहे आणि तो सोडवणारी माणसे या सभागृहात बसली आहेत.

केंद्र सरकारच्या 2023 च्या व्याख्येनुसार किलोमागे 2 किलोपर्यंत उत्सर्जन असलेलाच हायड्रोजन हरित ठरतो, आणि जैवभारालाही हीच अट आहे. स्वच्छतेचा हा हिशेब आपण प्रामाणिकपणे मांडू. त्याच्याच शेजारी पऱ्हाटीचा भाव आणि ती उपटणाऱ्या मजुराची मजुरीही मांडली जावी, कारण शेतकऱ्याला परवडले तरच प्रकल्पाला वर्षानुवर्षे कच्चा माल मिळेल. या चर्चेसाठी आपणा सर्वांचे पुन्हा एकवार स्वागत करतो आणि अध्यक्षमहोदयांना परिषदेची सूत्रे हाती घेण्याची विनंती करतो.