राजर्षींचं नाट्यगृह





कोल्हापुरात नाटकाविषयी बोलायचं तर आधी आमच्या नाट्यगृहाविषयी बोलावं लागतं. १९०२ साली राजर्षी शाहू महाराज युरोपला गेले आणि तिथली भव्य प्रेक्षागारं पाहून आले. पुढं त्यांनी खासबागेत कुस्तीचं मैदान उभारलं आणि त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर. एका बाजूला लाल माती, दुसऱ्या बाजूला रंगमंच! पैलवान आणि गवई या दोघांनाही हक्काची जागा हवी, हा राजाचा विचार मला फार मोठा वाटतो. त्या काळी ध्वनिवर्धक नव्हते. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, की शेवटच्या रांगेपर्यंत नटाला स्वतःच्या गळ्यावरच पोहोचावं लागे.

या वास्तूला पुढं ज्यांचं नाव दिलं गेलं ते संगीतसूर्य केशवराव भोसले याच मातीतले. लहान वयात त्यांच्या चेहऱ्याला रंग लागला आणि ऐन उमेदीत, १९०८ साली, त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ या नाटकाचा प्रयोग झाला. केशवराव धैर्यधराच्या भूमिकेत, बालगंधर्व भामिनीच्या. एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानले जाणारे दोन नट देशकार्यासाठी एका रंगमंचावर आले. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले, अवघ्या एकतिसाव्या वर्षी.

८ ऑगस्ट २०२४ची रात्र आम्ही विसरू शकत नाही. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती आणि आदल्या रात्री त्यांच्या नावाचं नाट्यगृह पेटलं. रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या, छप्पर कोसळलं. रस्त्यावर उभे असलेले कलावंत, तंत्रज्ञ आणि साधे प्रेक्षक त्या रात्री घरचं माणूस गेल्यासारखे रडत होते.

भिंती आणि छप्पर पुन्हा उभारता येतं, पण तिथं झालेल्या नाटकांच्या खुणा घरोघरी विखुरल्या आहेत. म्हणून आपणा सर्वांना माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या संग्रहात, आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत, या रंगमंचावरच्या प्रयोगांची छायाचित्रं, हस्तपत्रकं, तिकिटं असतील, तर त्यांच्या प्रती आम्हा कोल्हापूरकरांना द्या. आणि अशी आग पुन्हा कुठं लागू नये म्हणून आपल्या गावच्या नाट्यगृहातली वीजजोडणी आणि आग विझवण्याची साधनं तपासून घ्यायला संबंधितांना भाग पाडा. ही दोन्ही कामं गावी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात करा.

जय नटेश्वर!