घोडीचे एक वर्ष

ज्या शहराच्या एका मोठ्या भागाचे नावच 'लष्कर' आहे, त्या शहरात घोड्यांविषयी बोलू लागणे हे थोडे धार्ष्ट्याचेच. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी पडली आणि ती छावणीच पुढे शहर होऊन बसली. फूलबागेत ज्यांची समाधी आहे त्या राणी लक्ष्मीबाई १८५८ च्या जूनमध्ये येथेच लढता लढता पडल्या. नाला समोर आला आणि नवखा घोडा अडला, ही कथा येथील लहान मुलालाही ठाऊक असते. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेली ग्वाल्हेरची जत्रा मुळात जनावरांचीच जत्रा होती. संस्थानी घोडदळे मोडून १९५३ साली जी नवी स्वार पलटण उभी राहिली, तिच्यातही ग्वाल्हेर लान्सर्सचे स्वार होते.

हा सारा इतिहास झाला. परंतु आज मला स्वाराविषयी बोलायचे नाही आणि घोड्याविषयीही फारसे नाही. मला बोलायचे आहे ते घोडीविषयी. आणि तेही ती धावते तेव्हाच्या नव्हे, तर ती गाभण असते, विते आणि शिंगराला पाजते तेव्हाच्या.

जुन्या मराठी फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. बारगिराचे जनावर मेले तर पागेतून दुसरे मिळे. शिलेदाराचे मेले की त्याची शिलेदारीच संपे. आमच्या शहराच्या कडेला आज ज्यांच्या दारात वरातीची एकुलती एक घोडी बांधलेली असते, ते सारे शिलेदारच आहेत. त्यांच्या पाठीशी कोणतीही पागा नाही. घोडी धडधाकट असेल तर लग्नसराईत घर चालते आणि तिला चांगले शिंगरू झाले तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांची तरतूद होते. म्हणून घोडीच्या कुशीची काळजी हा केवळ हौशी लोकांचा किंवा शर्यतीच्या धनिकांचा प्रश्न आहे, असे कोणी समजू नये.

आता थोडा हिशेब मांडू. गाय सुमारे २८० दिवस गाभण राहते. वर्षाला एक वासरू हवे असेल तर ती व्याल्यानंतर पुन्हा गाभण राहण्यासाठी ८५ दिवस हाती असतात. घोडीची गर्भावस्था सरासरी ३४० दिवसांची, म्हणजे अकरा महिन्यांहून थोडी अधिक. ३६५ मधून ३४० वजा केले की उरतात अवघे २५ दिवस. निसर्गाने त्यावर एक तोडही काढून ठेवली आहे. घोडी व्याल्यानंतर सात ते दहा दिवसांतच पुन्हा माजावर येते. परंतु त्या वेळी गर्भाशय पूर्ववत झालेले असेलच असे नाही. ते तपासून मगच घोडा दाखवावा, नाही तर तो माज सोडून पुढच्याची वाट पाहावी, हा निर्णय जाणत्याने करावयाचा असतो.

शिवाय घोडी बारमाही माजावर येणारे जनावर नव्हे. दिवस मोठे होऊ लागले की तिचे अंडाशय जागे होते आणि हिवाळ्यात ते बहुधा निजलेले असते. अकरा महिन्यांनी, पुन्हा कोवळा चारा आणि उबदार हवा असतानाच शिंगरू जन्मावे, अशी ही योजना आहे. आपल्याकडे थंडी सरल्यापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंतचा काळ यासाठी उत्तम. पण नेमकी हीच लग्नसराई! दारात वरातीचे बोलावणे आले असता, घोडी माजावर आहे म्हणून तिला घरी कोण ठेवील? मालक म्हणतो, पुढच्या वेळी पाहू. पुढच्या वेळी पुन्हा लग्नाची तिथी असते. असे दोन-तीन माज गेले की ऋतू संपतो आणि घोडीचे एक वर्ष वाया जाते.

मग या माजाचे वेळापत्रक कसे असते? साधारणतः २१ दिवसांनी माज येतो आणि पाच ते सात दिवस टिकतो. फळीच्या पलीकडे घोडा उभा केला असता घोडी कान पाडत नाही, लाथ झाडत नाही, शेपूट बाजूला करते आणि वारंवार मूत्र सोडते. ही खूण मोतद्दारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मात्र बीज सुटते ते माजाच्या अखेरीस, तो संपण्याच्या एक-दोन दिवस आधी. सुटलेले बीज जेमतेम काही तास जगते. घोड्याचे वीर्य मात्र घोडीच्या शरीरात सुमारे दोन दिवस टिकते. म्हणून बीज सुटण्यापूर्वीच वीर्य तेथे पोहोचलेले असले पाहिजे. पूर्वी यावर उपाय म्हणून दर दिवसाआड घोडा दाखवीत. आता पशुवैद्य सोनोग्राफीने अंडाशयावरील बीजाचा फुगा मोजतो. तो ३५ मिलिमीटरच्या पुढे गेला आणि माजाच्या इतर खुणाही जुळल्या, की योग्य दिवस सांगता येतो. आवश्यक वाटल्यास सुई देऊन पुढच्या दीड-दोन दिवसांत बीज सुटेल अशी व्यवस्थाही करता येते. त्यामुळे एकाच संयोगात काम होते. घोड्याची शक्ती वाचते, घोडीच्या गर्भाशयात घाण जाण्याचे प्रसंग कमी होतात आणि मालकाला वरातीचे दिवसही ठरविता येतात. लग्नसराई आणि माज यांचे भांडण मिटविण्याचा हाच सर्वांत सोपा मार्ग आहे.

सोनोग्राफीचा दुसरा उपयोग याहूनही मोठा. घोडीच्या पोटात जुळे असणे हे सुलक्षण नसून संकट आहे. गर्भाला पोसणारी वार गर्भाशयाच्या जवळजवळ साऱ्या आतील पृष्ठभागाला चिकटलेली असते. दोन गर्भ आले की ही जागा त्यांच्यात वाटली जाते आणि दोघेही उपाशी राहतात. बहुधा सातव्या ते नवव्या महिन्यात दोन्ही पडतात आणि घोडीचाही जीव धोक्यात येतो. सुदैवाने सोळाव्या दिवसापर्यंत हे इवलेसे गर्भ गर्भाशयात फिरते असतात. चौदाव्या ते सोळाव्या दिवसांच्या दरम्यान तपासणी केली तर कुशल पशुवैद्य त्यांपैकी एकाला बाजूला घेऊन हातानेच नाहीसा करू शकतो आणि दुसरा सुखाने वाढतो. घोड्यांच्या चिकित्सेत ही सोय १९८० नंतर आली. त्यापूर्वी हाताने चाचपून गाभ ओळखता येई, पण इतक्या लवकर जुळे ओळखणे फार अवघड होते.

ही तपासणी लवकर का हवी, याचे आणखी एक कारण आहे. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून घोडीच्या गर्भाशयात एक विशेष संप्रेरक निर्माण होऊ लागते. कोल आणि हार्ट या संशोधकांनी १९३० साली ते गाभण घोडीच्या रक्तात शोधून काढले. एकदा ते सुरू झाले की, मागाहून गर्भ नष्ट झाला तरी ते कित्येक आठवडे रक्तात राहते आणि घोडी नीट माजावर येत नाही. मालक तिला गाभणच समजून चालतो. कळते तेव्हा ऋतू गेलेला असतो. पुन्हा एक वर्ष!

श्रोतेहो, येथवर मी शास्त्र सांगितले. आता माझी एक चूक सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. शहराच्या कडेला राहणाऱ्या एका वरातवाल्याची पांढरी घोडी मी तपासली होती. गाभ चांगला होता. मी त्याला चंदी किती द्यावी, ओझे केव्हा थांबवावे, धनुर्वाताची लस केव्हा टोचावी, हे सारे समजावून दिले. दिवस भरले आणि घोडी रात्री व्याली. बहुतेक घोड्या रात्रीच, सारे सामसूम झाल्यावर वितात. शिंगरू देखणे झाले. घरात गूळ वाटला गेला. वार मात्र पडली नाही. त्या माणसाकडे पूर्वी म्हशी होत्या आणि म्हशीच्या वारेची एक दिवस वाट पाहतात हे त्याला ठाऊक होते. त्याने तशीच वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजाऱ्याच्या सल्ल्याने लोंबणाऱ्या वारेला वीट बांधली. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला, तेव्हा घोडीला ताप होता आणि टापांत दाह उतरला होता. ती पुढचे पाय लांब टाकून, भिंतीला रेलून उभी होती. मी जे करता येण्यासारखे होते ते केले. पाचव्या दिवशी ती गेली.

तो माणूस मला एवढेच म्हणाला, "साहेब, तुम्ही सांगितलेले सगळे मी केले." ते खरे होते. जे मी सांगितले नव्हते तेवढेच राहिले होते. घोडी म्हणजे गाय नव्हे, हे मला पाठ होते. पण ते त्याच्या कानावर घालण्याचे मला सुचले नाही. शिंगराला शेळीच्या दुधावर जगविण्याचा त्याने पुष्कळ प्रयत्न केला आणि ते जगलेही; परंतु ते कामाला येईपर्यंतची चार वर्षे त्याने दुसऱ्याच्या विटांच्या भट्टीवर मजुरी केली. शिलेदाराचा बारगीर झाला, असेही म्हणता येत नाही. कारण बारगिराला निदान पागा तरी असे.

तेव्हापासून गाभण घोडीच्या मालकाला मी औषधाची चिठ्ठी देण्याआधी तीन आकडे पाठ करायला लावतो: एक, दोन, तीन. जन्मल्यावर एका तासात शिंगरू उभे राहिले पाहिजे. दोन तासांत ते आचळाला लागले पाहिजे. तीन तासांत वार पडली पाहिजे. यांपैकी काहीही चुकले तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याला बोलवावे. वार ओढू नये आणि तिला वजनही बांधू नये. घोडीच्या पायाखाली येऊ नये म्हणून तिचीच गाठ मारून ती वर धरावी, एवढेच. सहा तासांच्या आत उपचार सुरू झाले तर बहुतेक घोड्या सुखरूप राहतात.

याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. विताना प्रथम पांढुरकी, पारदर्शक पिशवी दिसावी. तिच्याऐवजी लाल मखमलीसारखी पिशवी पुढे आली तर वार अवेळी सुटली आहे आणि आत शिंगरू गुदमरते आहे असे समजावे. ती पिशवी तत्काळ फाडून शिंगरू बाहेर घ्यावे. त्या वेळी डॉक्टरची वाट पाहत बसण्याइतका अवकाश नसतो. दुसरी गोष्ट चिकाची. पोटात असताना घोडीकडून शिंगराला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती सर्व चिकातूनच मिळतात. आणि शिंगराचे आतडे ती शोषून घेऊ शकते ते केवळ पहिल्या एका दिवसात, त्यातही पहिल्या काही तासांत अधिक. चीक काढून टाकण्याची चाल कोठे असेल तर ती शिंगराच्या जिवावर बेतणारी आहे.

आता कृत्रिम रेतनाविषयी दोन शब्द. रशियात इव्हानोव्ह या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या विद्येचे पद्धतशीर प्रयोग सुरू केले ते घोड्यांवरच. पुढे ती गाई-म्हशींत सर्वत्र पसरली आणि घोडी मागे राहिली. शर्यतीच्या थरोब्रेड जातीत तर आजही नियमाने केवळ नैसर्गिक संयोगच मान्य आहे. आपल्या देशात १९८५ साली हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र स्थापन झाले. त्याच्या बिकानेर येथील केंद्रात १९ मे २०२३ रोजी दुसऱ्या घोडीच्या कुशीत वाढविलेल्या भ्रूणातून मारवाडी जातीची शिंगी जन्मली. वजन २३ किलो, नाव राज-प्रथमा. ही गोष्ट अभिमानाची आहेच. पण तिचा उपयोगही मोठा आहे. उत्तम घोडीला स्वतः गाभण न ठेवता तिचा वंश वाढविता येतो. उत्तम घोड्याचे वीर्य गोठवून दूरवर नेता येते आणि संयोगातून पसरणारे रोगही टाळता येतात.

हे सारे तातडीने करण्याचे कारण आकड्यांतच आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे सुमारे सव्वासहा लाख होती. २०१९ साली ती सुमारे ३ लाख ४० हजार उरली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी! ज्या भीमथडी तट्टांवर मराठ्यांनी नर्मदा ओलांडली, त्या जातीला अधिकृत जात म्हणून नोंद मिळाली तीही अगदी अलीकडे. सारंगखेड्याच्या आणि माळेगावच्या यात्रेत आजही घोड्यांचा बाजार भरतो. पण बाजारात जनावर येते ते कोणाच्या तरी दारात घोडी सुखरूप व्याली म्हणून.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर व उंट यांचा समावेश केला आणि घोड्यांच्या वीर्यकेंद्रांसाठी साहाय्याची तरतूद केली. मध्य प्रदेशात १९६२ या क्रमांकावर फिरत्या दवाखान्याची गाडी मागविता येते. सोयी हळूहळू येत आहेत. परंतु गाई-म्हशींची सवय झालेल्या दवाखान्यात घोडीसाठी वेगळी दृष्टी हवी, सोनोग्राफीचे यंत्र हवे आणि रात्री-अपरात्री जाण्याची तयारी हवी. घोडीवाल्यांनीही एकत्र येऊन चार-सहा घोड्यांची तपासणी एकाच दिवशी ठरविली तर डॉक्टरांचा फेरा आणि खर्च दोन्ही वाचतील. माज कोणत्या तारखेला आला, घोडा केव्हा दाखविला, याची नोंद भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर केली तरी अर्धे काम झाले.

त्या पांढऱ्या घोडीचे शिंगरू पुढे मोठे झाले. तीही घोडीच होती. तिच्या पहिल्या वेताच्या रात्री तिच्या मालकाने मला आधीच बोलावून ठेवले होते. शिंगरू पन्नास मिनिटांत उभे राहिले. दीड तासात प्यायले. वार पडली तेव्हा मालकाने घड्याळ पाहिले आणि काही न बोलता ते माझ्यापुढे धरले. अजून तीन तास व्हायचे होते.